खाली लूम, कानावर हेडफोन

हेडफोन घरी आणला त्या दिवशी तो सगळ्यांत आधी बाबांनी डोक्यावर चढवला. मी अजून वायरही जोडली नव्हती. त्यांनी दोन्ही कप कानांवर नीट दाबून बसवले, क्षणभर तसेच बसले, मग पंख्याकडे पाहिलं, बटणांच्या फळीकडे पाहिलं आणि हेडफोन उतरवून माझ्या हातात दिला.

"लाईट गेल्यावानी वाटतं," ते म्हणाले. "मला नको."

ज्यांचं घर लूमवर नाही त्यांना हे समजावून सांगावं लागेल. आमच्या खोल्या भिवंडीतल्या एका गल्लीत, कारखान्याच्या माळ्यावर आहेत. खाली लूम, म्हणजे कापड विणणारे यंत्रमाग, वर आम्ही. कारखाना चाचांचा; मालकांना आम्ही चाचा म्हणतो. चाचांचं घराणं इथलं जुनं, कोकणी मुसलमानांचं; आमचं मूळ घर जवळच्या शेलार गावी. बाबांनी चाचांच्या लूमवर उभं राहून आयुष्य काढलं आणि खोल्याही त्यांच्याकडूनच भाड्याने घेतल्या. सकाळपासून आमची जमीन थरथरत असते. फडताळातले पेले एकमेकांना लागून किणकिणतात, म्हणून आई त्यांच्यामध्ये चिंध्या ठेवते. लूम चालू आहेत हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही नसतं. थांबले की मात्र आम्ही सगळे माना वर करतो. मजुरी कापडाच्या मीटरवर. लाईट गेली, लूम थांबला, मजुरी थांबली. शांतता ही आमच्या घरात कधीच चांगली बातमी नव्हती.

मला मात्र नेमकी तीच लाईट गेलेली हवी होती. त्यासाठीच तर ती वस्तू घेतली होती.

माझं काम ऐकण्याचं आहे. एक कंपनी मराठी पुस्तकं वाचून घेते आणि लोकांना मोबाईलवर ऐकायला देते. वाचणारे माइकसमोर बसून वाचतात आणि त्यांचं रेकॉर्डिंग इंटरनेटवरून माझ्याकडे येतं. समोर पुस्तक, कानात आवाज. कुठे शब्द गळला, ओठ चिकटून सुटले, पान उलटताना वाजलं, खुर्ची करकरली, पोटात गुडगुडलं, मागे पंखा घुमला, हे सगळं वेळेसकट कळवायचं. कंपनीची ठाण्याला कचेरी आहे, पण काम घरून केलं तरी चालतं. मी घरून करते.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली आणि पदवी घेऊन बाहेर पडलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते, आणि सांगताना मला लाज वाटत नाही. बी.ए. मराठी. कॉलेजात पहिले काही महिने मुली मला म्हणायच्या, अगं हळू बोल, आम्ही इथंच बसलोय. लूमवाल्यांच्या घरात हळू बोलायची सोयच नसते, हे त्यांना काय ठाऊक. पण सर धडा वाचायला मलाच उभं करायचे, कारण माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. त्या वाचनातूनच मला कळलं की वाक्याला चाल असते आणि ती चुकली की कानाला खुपते. पुढे ह्या कामाची परीक्षा दिली तेव्हा तेच उपयोगी पडलं.

सुरुवातीला मोबाईलबरोबर आलेले इअरफोन वापरत होते. लूमचा आवाज झाकायचा म्हणून आवाज इतका वाढवावा लागे की संध्याकाळी कानात शिट्टी वाजायची. बाबांचे कान लूमने नेले आहेत. त्यांना मोठा, जाड आवाज कळतो. पोरीबाळींचं बारीक बोलणं पोचत नाही. मी ठरवलं की माझे कान मी घालवणार नाही. कानांवरच माझं पोट आहे.

हेडफोन घ्यायला मुंबईला गेले. दुकानात ऐकून बघायला वेगळी काचेची खोली होती, एसी, खाली गालिचा, भिंतींना मऊ गाद्या. विक्रेत्याने अदबीने विचारलं की मी काय ऐकते, शास्त्रीय, गझल, की काही पाश्चात्त्य.

"चुका," मी म्हटलं.

तो हसला, मग मी हसत नाही हे बघून थांबला. त्याने आधी उघड्या पाठीचा हेडफोन दिला. त्याच्या कपांना मागून जाळी असते; आवाज मोकळा येतो, हवा खेळती राहते, असं त्याचं म्हणणं. खरंच होतं ते. गाणारी बाई पडवीत समोर बसून गातेय असं वाटलं. मी पूर्ण गाणं ऐकलं. मग त्याला सांगितलं, आता हे काचेचं दार उघडा. दार उघडलं, आणि रस्त्यावरचे हॉर्न सरळ त्या पडवीत शिरले. माझ्या घराखाली लूम आहेत, मी सांगितलं. त्याने लूम कधी पाहिला नव्हता. मग आतल्या कपाटातून त्याने बंद पाठीचा काढून आणला.

लाकडी कप, मऊ कातड्याच्या गाद्या, हातात घेतल्यावर भरलेल्या पितळी तांब्यासारखं वजन. कानावर चढवला आणि दुकान नाहीसं झालं. स्वतःच्या गिळण्याचा आवाज आला, मग छातीतला ठोका. बंद पाठीच्या हेडफोनात आवाजाला भिंती असतात. पडवी नाही, खोली असते. लहान, दार लावलेली, आणि बोलणारा माणूस तुमच्यापासून हातभर अंतरावर. मी आधी तपासून पाठवलेलं एक प्रकरण मोबाईलमध्ये घेऊन गेले होते, तेच लावलं. वाचणाऱ्या बाईंनी वाक्य सुरू करण्याआधी जीभ टाळूवरून सोडवली ते ऐकू आलं. मधेच त्यांच्या बांगड्या टेबलाला लागल्या होत्या. ते मी आधी पकडलंच नव्हतं. माझं तिथेच ठरलं.

किंमत इथे लिहीत नाही. घरी सांगितली, तेवढं बास. आई म्हणाली की ह्यात गाणी तरी जास्त येतात का.

भारी वस्तू घरात आली की घराने तिच्याशी जुळवून घ्यायचं की तिने घराशी, हा प्रश्न पडतोच. पहिला तंटा कानातल्या बाळ्यांवरून झाला. बाळी गादीखाली दाबली जाते, कान दुखतो आणि शिवाय फट राहते. म्हणून काम करताना मी बाळ्या काढून ठेवू लागले. लग्नाच्या पोरीचे कान बुचे बघून आईचा जीव खालीवर व्हायचा. मग तडजोड झाली: काम संपलं की बाळ्या, आणि पाहुणे आले तर आधी बाळ्या मग चहा.

दुसरा तंटा चष्म्याचा, आणि तो माझा माझ्याशीच. पुस्तक वाचायला चष्मा हवा, आणि चष्म्याची काडी कान आणि गादी यांच्यामध्ये आली की तेवढ्या फटीतून अख्खा कारखाना आत येतो. मी जुन्या चष्म्याच्या काड्या काढून टाकल्या आणि त्या जागी सूत बांधलं. भिवंडीत बाकी कशाला तोटा असेल, सुताला नाही. गाठ बाबांनी मारली, विणकराची, दोन बोटांत. अजून सुटलेली नाही. त्या अवतारात मी कशी दिसते ते मला माहीत आहे. सुताची धूळ तर इथे हवेतच असते. गाद्यांवर पांढरी लव धरते. रोज संध्याकाळी मी मऊ फडक्याने ती पुसते, घाम टिपते आणि हेडफोन देवघराच्या शेजारच्या खुंटीला टांगते. आई म्हणते, देवांना तरी रोज पुसतेस का.

एक गोष्ट मात्र घराला मुळीच जड गेली नाही, ती म्हणजे मला हाक मारणं. लूमवर कुणाला हाक ऐकू येत नाही. तिथे ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. बाबांनी आईला शिकवलं, आईने मला. अंगठा तोंडाकडे म्हणजे चहा. डोक्यावर टोपी ठेवल्यासारखं केलं म्हणजे मालक येतायत. मूठ उघडून झटकली म्हणजे लाईट गेली. कानांवर हेडफोन असला तरी आमचं सगळं बोलणं चालतं. ज्याला ऐकू येत नाही अशा माणसाशी बोलायची भाषा आमच्याकडे आधीपासून तयार होती.

एकदा वळ गावची आत्या, बाबांची थोरली बहीण, आली. मी काम करत होते, मान हलवून तिला बस म्हटलं. ती आईजवळ बसली, थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवत आईला म्हणाली, "पोरगी डोक्यावर पातेलं घालून बसते. कोन करील हिला? कानाची बापावर गेली, दुसरं काय."

मी तिरक्या नजरेने तिचे ओठ वाचले आणि पुन्हा पानाकडे बघत म्हटलं, "आत्या, पातेलं नाही ते, नोकरी हाय."

आत्याने पदर तोंडाला लावला. बाबा कोपऱ्यात बसून पोट धरून हसले, कारण त्यांनीही ते ओठ वाचले होते. तेव्हापासून आत्या आमच्याकडे आली की भिंतीकडे तोंड करून बोलते.

हे सगळं मजेत चाललं होतं तेव्हा मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे कंपनीत माझं काम बघणाऱ्या बाई. त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नाही, कधी आवाज चढवला नाही. एका कादंबरीचं नाव घेऊन त्यांनी विचारलं की हे मी तपासलं ना. तपासलं होतं. वाचणारे गृहस्थ आपल्या घरीच बसून रेकॉर्ड करायचे. तीन प्रकरणांत त्यांच्या आवाजामागे थड थड, थड थड चालू आहे, असं मॅडम म्हणाल्या. बहुधा शेजारचं कपडे धुवायचं मशीन. आणि तीच तीन प्रकरणं मी स्वच्छ म्हणून पुढे पाठवली होती.

मी म्हटलं, शक्य नाही. फोन ठेवून पुन्हा ऐकलं. आवाज, श्वास, एका ठिकाणी घसा साफ केलेला, बाकी काही नाही. उलट फोन करून सांगितलं की तसं काही नाही. मॅडमनी आणखी दोघांना ऐकवलं होतं. दोघांनाही पहिल्या मिनिटात कळलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "तुमच्याबद्दल तक्रार नाही हो. पण लूमवर बसून ऐकण्याचं काम होत नाही, हे आता मान्य करा. एकतर इथे ठाण्याला येऊन बसा, नाहीतर छापील मजकूर तपासायचं काम घ्या. ते घरून होईल."

रोज ठाणं मला जमणारं नव्हतं. आईचे गुडघे गेलेले, बाबांना फोन ऐकू येत नाही. दिवसभर घरात कुणीतरी धड पायांचं आणि कानांचं लागतंच. म्हणजे उरलं छापील. छापील मजकूर तपासणं वाईट काम नाही. पण ते मी कॉलेजात असताना फुटकळ करत होते. ऐकण्याचं काम मी परीक्षा देऊन, माझ्या कानांच्या जोरावर मिळवलेलं होतं. लूमवर जन्मलीस म्हणून तुला ऐकता येणार नाही, ह्याचा अर्थ एवढाच होता, मॅडमनी कितीही सभ्य शब्दांत सांगितला तरी. मी म्हटलं, मला पुढचं एक पुस्तक द्या. ते चुकलं तर मी स्वतः छापील मागेन.

बरं, मॅडम म्हणाल्या, पण मग ते शुक्रवारी करा.

त्यांना भिवंडी एवढी माहीत होती. शुक्रवारी आमच्याकडे कारखाने बंद असतात. चाचा अत्तर लावून नमाजाला जातात, कामगार कपडे धुतात, फोनवर गावाकडे बोलतात, गल्लीत पोरांचा क्रिकेटचा चेंडू पत्र्यावर आदळतो. त्या शुक्रवारी मी ती तीन प्रकरणं पुन्हा लावली. पहिलं वाक्य संपायच्या आत ऐकू आलं. थड थड. थड थड. अगदी उघड. माझ्याच कानाने ते गिळलं होतं, ते परत परत ऐकूनसुद्धा.

तिथे बसल्या बसल्या मला कळलं काय झालं ते. हेडफोन वाईट नव्हता. तो हवेतून येणारा लूम जवळजवळ सगळा अडवत होता. पण जमिनीतून, खुर्चीतून, हाडांतून येणारा ठेका कुठला हेडफोन अडवणार? आणि तो ठेका मी जन्मापासून ऐकून न ऐकल्यासारखा करायला शिकले होते. शिकले म्हणजे काय, पाळण्यातच शिकले. माझा कान एकसारखा ठेका आला की तो घरचाच समजून पुसून टाकत होता. रेकॉर्डिंगमधला ठेकाही त्याने घरचाच समजला. ही चूक ठाण्यात वाढलेल्या कुणाकडून झाली नसती.

फक्त शुक्रवारी काम केलं तर आठवड्याचं पोट एका दिवसात कसं भरणार? पण ते बाजूला ठेवलं तरी, मला शुक्रवारची मेहेरबानी नको होती. लूम चालू असताना ऐकता आलं पाहिजे. नाहीतर मॅडम म्हणाल्या तेच खरं.

आधी मी जे कुणीही करेल ते केलं. चाचांकडे गेले आणि लूमचे जुने रबरी तुकडे मागितले, टेबलाच्या आणि खुर्चीच्या पायांखाली घालायला. चाचांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "बेटी, माझ्या लूमने तुझी नोकरी खाल्ली तर मी तुझ्या बापाला काय तोंड दाखवू? घेऊन जा, पाहिजे तेवढे." मी घेऊन आले. टेबलाखाली, खुर्चीखाली, पायांखाली जुनी गोधडीही घातली. आता जमीन जवळजवळ लागेनाशी झाली.

मग परीक्षा घेतली. खाली जाऊन मोबाईलवर लूम रेकॉर्ड केला. एका चांगल्या वाचनाचे तुकडे पाडले, काहींच्या मागे तो लूम अगदी हळू मिसळला, काही तसेच ठेवले, आणि कुठल्यात काय आहे ते मलाच कळू नये म्हणून कॉम्प्युटरला ते उलटसुलट लावायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी लूम चालू असताना ऐकायला बसले. सपशेल आपटले. लूम मिसळलेले निम्मे तुकडे मी स्वच्छ म्हटले, आणि दोन स्वच्छ तुकड्यांत मला लूम ऐकू आला. रबराने ठेका कमी झाला होता, गेला नव्हता. आणि कमी झाल्यामुळे तो आतला की बाहेरचा हे कळायचं आणखी अवघड झालं होतं.

बाबा सगळं बघत होते. त्यांनी हाताने विचारलं, काय झालं. मी मूठ उघडून झटकली: लाईट गेली. ते उठले आणि चहा टाकायला गेले. त्याहून जास्त ते काही करू शकत नव्हते.

पुढे कितीतरी दिवस मी रोज सकाळी ते तुकडे ऐकत राहिले आणि चुकत राहिले. एक गोष्ट सुधारली. मी शब्दांकडे कान लावणं सोडलं आणि दोन वाक्यांच्या मधल्या जागेत ऐकू लागले. वाचणारा श्वास घ्यायला थांबतो, तेवढ्यात मागे काय उरतं? बरेच तुकडे त्याने पकडता आले. पण त्या मधल्या जागेतही जे उरायचं ते माझ्या खुर्चीतलं की फाईलमधलं, तिथेच गाडी अडायची.

मग एका सकाळी उकाडा फार होता. गोधडीवर पाय शिजत होते. मी ती बाजूला ढकलली, चपला काढल्या आणि पाय उघड्या लादीवर टेकवले. तळव्यांत लूम स्पष्ट लागला. आणि त्याच वेळी कानात दुसरा ठेका होता, जरा मागे पडणारा, तळव्यांशी न जुळणारा. मी फाईल थांबवली. कानातला ठेका थांबला, पायातला चालू राहिला.

मी पुन्हा लावली, पुन्हा थांबवली. मग उठून गोधडीची घडी केली, खुर्चीखालचे रबर काढले, टेबलाखालचे काढले आणि सगळं चाचांना परत करून आले. इतके दिवस मी लूमला बाहेर काढायला बघत होते. खरं तर त्याला पायांशी धरून ठेवायला हवं होतं. पायात लूम असला की कानाला तो घरचा आहे असं समजायची गरज राहत नाही. घरचा तिकडे खाली आहे. कानात जो येईल तो परका.

तरी हे एका दिवसात जमलं नाही. पाय सुन्न व्हायचे, लक्ष तळव्यांत गेलं की शब्द सुटायचे. दोन्हीकडे एकदम ध्यान ठेवायची सवय करावी लागली. बाबा सांगत की एका कारीगराकडे चार चार लूम असतात, समोरच्यावर डोळे आणि पाठीमागच्यावर कान. मला वाटलं, ते जमतं तर हेही जमेल. जमवलंच.

मॅडमनी पुस्तक पाठवलं. जाड, आत्मचरित्र, वाचणाऱ्या बाई अनुभवी, चांगल्या स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं. मी शुक्रवारची वाट बघितली नाही. शनिवारी सकाळी पहिली पाळी सुरू झाली, फडताळातल्या चिंध्यांमधून एखादा पेला तरी वाजलाच, आणि मी बाळ्या काढल्या, सुताचा चष्मा बांधला, हेडफोन चढवला आणि पाय लादीवर ठेवले.

पुस्तक सुरेख वाचलं होतं. पहिली काही प्रकरणं किरकोळ चुकांवर गेली. मधल्या एका प्रकरणात बाई एका मरणाचा प्रसंग वाचत होत्या, आवाज अगदी खाली नेऊन, आणि त्या वाक्य संपवून थांबल्यावर मला मागे काहीतरी लागलं. ठोका नव्हे, गुरगुर. फार खालून. पायांशी जुळत नव्हती. थांबवलं; थांबली. पुढच्या प्रकरणातही होती, मग एकाएकी बंद. बुधवारी पुस्तक संपलं तेव्हा मी सगळ्या वेळा टिपून पाठवल्या.

संध्याकाळी उत्तर आलं की स्टुडिओतले लोक म्हणतात तसं काही नाही, त्यांच्या खोलीला दुहेरी दारं आहेत. म्हणजे पहिल्या वेळी ज्या चालीने मी मॅडमना उत्तर दिलं होतं, त्याच चालीने आता स्टुडिओ मला देत होता. मला मनातून भीती वाटली नाही असं नाही. लूमवाल्या बाईला आता नसलेलाही लूम ऐकू येतो, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे काय उत्तर होतं? मी पुन्हा एकदा ऐकलं, पुन्हा पाय टेकवून, आणि मॅडमना फोन करून सांगितलं की मरणाच्या प्रसंगात जिथे बाई थांबतात तिथे तुम्ही स्वतः ऐका, चांगला हेडफोन लावून, आणि शब्द ऐकू नका, शब्दांच्या मधलं ऐका.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. इमारतीच्या पाण्याचा पंप होता. रेकॉर्डिंग चालू असताना कुणीतरी तो चालू ठेवला होता. ती दोन प्रकरणं पुन्हा वाचून घेणार होते. माझ्या यादीत एक गळलेला शब्द नव्हता, तोही त्यांनी दाखवला. तो शेवटच्या प्रकरणात होता, तिथवर मी थकले होते; चूक माझीच. मी मान्य केलं.

मग त्यांनी विचारलं, "शुक्रवारी ऐकलं होतं ना हे?"

"शनिवारपासून. रोज लूम चालू होते."

"आणि आत्ता?"

मी फोन खिडकीबाहेर धरला. खालून सगळा कारखाना त्यात गेला असेल. परत कानाला लावला तेव्हा मॅडम हसत होत्या. म्हणाल्या, बंद करा ते, माझे कान गेले. पुढचं पुस्तक उद्या पाठवते. छापीलचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

बाबांना मी हाताने सांगितलं. लाईट आली ह्याला आमच्याकडे खूण नाही, कारण लाईट आली की ती जमिनीतूनच सगळ्यांना कळते. म्हणून मी नुसता पायाने लादीवर ठेका धरला. ते बघत राहिले, मग त्यांनीही धरला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली की दोघं वेडी झालीत, आणि पेले वाजतायत.

आता आठवडाभर मी लूमबरोबर काम करते. पहिली पाळी सुरू झाली की बसते. शुक्रवारी मात्र हेडफोन खुंटीवरच असतो. शुक्रवारी पायाखाली काही नसतं, आणि मला आता त्याशिवाय नीट ऐकू येत नाही. शिवाय गल्लीतल्या सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी असते. मग मलाही असते. मी दिवसभर बाळ्या घालून फिरते.